अंगावरचं दूध आणि पोटातली वस्ती

(मंचाच्या अल हिलालमधल्या बैठकीत मी केलेल्या भाषणाचा हा मजकूर. ज्यांना त्या शुक्रवारी येता आलं नाही त्यांनी मागितला, म्हणून लिहून काढला आहे. शेवटी प्रश्नोत्तरांतला थोडा भाग जोडला आहे.)



निवृत्तीनंतरच्या गुंतवणुकीवर बैठक झाली तेव्हा याच दिवाणखान्यात खुर्च्या कमी पडल्या होत्या. आजचा विषय अंगावरच्या दुधाचा आहे म्हटल्यावर पुरुषमंडळी हळूच गॅलरीत जातील अशी मला धास्ती होती. तसं झालं नाही, बरं वाटलं. कारण आज जे सांगणार आहे त्यातला निम्मा भाग त्यांच्यासाठीच आहे.

आधी माझी ओळख. मी सूक्ष्मजीवशास्त्राची एम.एस्सी. गेली बावीस वर्षं दोह्यात अन्नतपासणीच्या प्रयोगशाळेत काम करते. माझं काम साधं आहे. नमुना घ्यायचा, त्यात जंतू किती ते मोजायचं, आणि मर्यादेबाहेर सापडले की माल नापास करायचा. त्यामुळे जंतू म्हटलं की माझा हात आपोआप लाल शाईच्या पेनाकडे जातो. एम.एस्सी.ला असताना मी परीक्षेत लिहिलं होतं की निरोगी आईचं दूध निर्जंतुक असतं, आणि त्याला पूर्ण गुण मिळाले होते. आज ते उत्तर चूक ठरेल.

१९९६ साली पुण्यात माझी मुलगी झाली. सिझेरियन झालं होतं. पहिल्या रात्री ‘दूध अजून उतरलं नाही’ म्हणून परिचारिकेनं बाळाला बाटली दिली. मला कोणी विचारलं नाही, आणि विचारलं असतं तरी मी हो म्हटलं असतं. पुढे बाळ रडलं की घरातलं कोणीतरी ‘तुझं पुरत नाहीये गं’ म्हणायचं आणि वरचं दूध वाढायचं. सातव्या आठवड्यात माझं दूध आटलं. मी स्वतः जंतूंचा अभ्यास केलेली बाई. बाटल्या उकळून उकळून कामाचं समाधान मानत होते. गेल्या वर्षी त्याच मुलीचं बाळंतपण इथे दोह्यात झालं. तेव्हा पुन्हा पुस्तकं उघडली, आणि मधल्या काळात विज्ञान किती पुढे गेलं ते लक्षात आलं.

बाळाच्या पोटात कोण राहतं?

ही गोष्ट जुनी आहे. १८८५ साली थिओडोर एशेरिश या जर्मन बालरोगतज्ज्ञानं तान्ह्या बाळांच्या शीमधून एक जंतू शोधला. तोच आपला सुप्रसिद्ध ई. कोलाय. १९०० च्या आसपास पॅरिसच्या पाश्चर इन्स्टिट्यूटमध्ये आंरी तिसिए यानं अंगावर पिणाऱ्या बाळांच्या शीत वेगळेच, फाटे फुटलेल्या काडीसारखे जंतू पाहिले. त्यांना आज आपण बिफिडोबॅक्टेरिया म्हणतो. जुलाब झालेल्या मुलांमध्ये हे जंतू कमी दिसतात, हेही त्याच्या लक्षात आलं होतं.

पण ते येतात कुठून? शंभर वर्षं समजूत अशी होती की प्रसूतीच्या वेळी आईच्या शरीरातून आणि नंतर आजूबाजूच्या हवेतून, हातांवरून येत असावेत. दूध मात्र स्वच्छ, निर्जंतुक. २००३ साली माद्रिदच्या संशोधकांनी निरोगी मातांच्या दुधातून लॅक्टिक आम्ल तयार करणारे जंतू वेगळे करून दाखवले. सुरुवातीला अनेकांना वाटलं की नमुना घेताना त्वचेवरचे जंतू मिसळले असतील. पण पुढे ठिकठिकाणी तेच सापडत गेलं. दिवसाला सुमारे ८०० मिलिलिटर दूध पिणारं बाळ त्याबरोबर अंदाजे एक लाख ते एक कोटी जंतू गिळतं. माझ्या प्रयोगशाळेत असा नमुना आला तर मी काय शेरा मारीन ते तुम्ही ओळखलंच असेल!

२०१७ साली अमेरिकेत १०७ माय-लेकरांच्या जोड्यांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. मुख्यतः अंगावर पिणाऱ्या बाळांच्या पोटातले पहिल्या महिन्यातले सुमारे २८ टक्के जंतू आईच्या दुधातून आणि सुमारे १० टक्के स्तनाग्राभोवतीच्या त्वचेवरून आलेले होते. बाळ जितकं जास्त अंगावर पिई, तितका हा प्रभाव जास्त दिसत होता, आणि वरचं अन्न सुरू झाल्यानंतरही तो टिकून होता.

दुधात हे जंतू कसे पोचतात, यावर अजून वाद आहे. काही आईच्या त्वचेवरचे असतात. काही बाळाच्या तोंडातले: पान्हा फुटतो तेव्हा थोडं दूध उलटं आत जातं, हे अल्ट्रासाउंडवर दिसलेलं आहे. काही आईच्या आतड्यातून पेशींवर स्वार होऊन येत असावेत असं एक मत आहे, पण ते अजून पुरतं सिद्ध झालेलं नाही.

बाळाला न पचणारी साखर

मला सर्वांत आश्चर्य वाटलं ते पुढच्या गोष्टीचं. आईच्या दुधातल्या घन पदार्थांत पहिला क्रमांक लॅक्टोजचा, दुसरा स्निग्धांशाचा. तिसऱ्या क्रमांकावर ऑलिगोसॅकराइड नावाच्या गुंतागुंतीच्या साखरा असतात, लिटरला साधारण ५ ते १५ ग्रॅम, पहिल्या चिकाच्या दुधात त्याहूनही जास्त. त्यांचे दोनशेच्या आसपास प्रकार ओळखले गेले आहेत. गाईच्या दुधात त्या अगदी नगण्य. आणि गंमत म्हणजे बाळाला त्या पचतच नाहीत!

मग आईच्या शरीरानं एवढा खर्च कशासाठी करावा? कारण हे जेवण बाळाचं नाही, त्याच्या पोटातल्या जंतूंचं आहे. बिफिडोबॅक्टेरियमचा ‘इन्फॅन्टिस’ नावाचा प्रकार या साखरा नीट फोडून खातो. २००८ साली त्याची जनुकीय मांडणी वाचली गेली, तेव्हा त्यात या कामासाठी लागणाऱ्या जनुकांचा मोठा संचच सापडला. हा जंतू साखर खातो आणि लॅक्टिक व अॅसेटिक आम्ल तयार करतो. त्यामुळे आतड्यात आंबटपणा येतो आणि रोग करणाऱ्या अनेक जंतूंना तिथे टिकणं अवघड जातं. अंगावर पिणाऱ्या बाळाच्या शीला आंबूस वास येतो हे आपल्या आज्यांना माहीत होतं. त्याचं कारण हे.

लोकलच्या डब्यासारखंच हे आहे. जो आधी चढतो तो जागा धरतो, आणि नंतर येणाऱ्याला दारात लटकावं लागतं. जन्मानंतरच्या पहिल्या काही आठवड्यांत बाळाच्या आतड्यात ही जागा धरण्याची घाई चाललेली असते. कोणाला बसू द्यायचं आणि कोणाला नाही हे शिकण्याचं शरीराच्या प्रतिकारयंत्रणेचं पहिलं वर्षही तेच.

शिवाय दुधात आयजीए नावाची प्रतिद्रव्यं असतात. आईच्या आतड्यानं ज्या जंतूंना तोंड दिलं, त्यांच्याविरुद्ध तयार झालेल्या पेशी स्तनांत जाऊन ही प्रतिद्रव्यं बनवतात. म्हणजे दोह्यात राहणाऱ्या आईच्या दुधात दोह्यातल्या जंतूंविरुद्धचं संरक्षण असतं. कोणत्याही कारखान्याला घराच्या पत्त्यानुसार डबा बनवता येणार नाही.

शीव रुग्णालयातला धडा

हे सगळं वाचताना मला राहून राहून मुंबईची एक गोष्ट आठवत होती. धारावीला लागून असलेल्या शीवच्या लोकमान्य टिळक महापालिका रुग्णालयात डॉ. अर्मिडा फर्नांडिस नवजात विभाग सांभाळत होत्या. कमी दिवसांची, कमी वजनाची बाळं जंतुसंसर्गानं दगावत होती. महागडी यंत्रं आणणं शक्य नव्हतं. त्यांनी बाटल्या आणि डब्याचं दूध बाजूला केलं, आयांना विभागात आणलं, आणि बाळांना आईचं दूध द्यायला सुरुवात केली. ज्या बाळांना आईचं दूध मिळू शकत नव्हतं त्यांच्यासाठी १९८९ साली तिथे मानवी दुग्धपेढी सुरू झाली. ती आशियातली पहिली.

लक्षात घ्या, तेव्हा दुधातल्या जंतूंचा शोध लागायचा होता. पण बालरुग्णालयांतला अनुभव एकाच दिशेला बोट दाखवत होता. १९९० साली इंग्लंडमध्ये ९२६ अपुऱ्या दिवसांच्या बाळांचा अभ्यास झाला. आतडं सुजून कुजत जाण्याचा एक जीवघेणा आजार या बाळांना होतो. ज्यांना फक्त डब्याचं दूध मिळालं त्यांच्यात तो फक्त आईच्या दुधावरच्या बाळांपेक्षा ६ ते १० पट जास्त आढळला.

दुग्धपेढीची मर्यादाही सांगायला हवी. पेढीतलं दूध साधारणपणे ६२.५ अंश सेल्सियसला ३० मिनिटं तापवतात. त्यात वाईट जंतू मरतात तसे चांगलेही मरतात. न पचणाऱ्या त्या साखरा मात्र टिकतात. म्हणून क्रम असा: आधी आईचं स्वतःचं दूध, ते नसेल तर पेढीतलं, आणि तेही नसेल तर डब्याचं.

आपण राहतो त्या देशात पेढीचा प्रश्न वेगळा आहे. इस्लाममध्ये एका बाईचं दूध प्यायलेली मुलं दूधभावंडं मानली जातात आणि त्यांचा विवाह निषिद्ध असतो. दात्यांचं दूध एकत्र करणाऱ्या पेढीत कोणाचं दूध कोणाला गेलं ते कळत नाही. म्हणून १९८५ साली इस्लामी फिक्ह अकादमीनं अशा पेढ्यांना विरोध केला. हसण्यावारी नेण्यासारखी ही गोष्ट नाही. आपल्याकडेही दूधआई आणि दूधभाऊ हे शब्द आहेतच. संभाजी महाराजांना दूध पाजणाऱ्या कापूरहोळच्या धाराऊचं नाव आपण आजही आदरानं घेतो.

खरवस आणि बाळगुटी

आता थोडं स्वतःच्या घरात पाहू. गाईम्हशीच्या चिकाचा खरवस आपण पाटी लावून विकत घेतो, दोह्यात कोणी पुण्याहून आणला तर मित्रांना फोन करून बोलावतो. पण बाईचा चीक अनेक घरांत ‘जड असतो’ म्हणून पिळून टाकला गेला, आणि बाळाच्या जिभेवर मध किंवा साखरपाणी ठेवलं गेलं. ज्या दुधात साखरा आणि प्रतिद्रव्यं सर्वांत जास्त, तेच टाकून दिलं. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९-२१ च्या पाहणीत भारतात जवळजवळ ८९ टक्के बाळंतपणं दवाखान्यात झालेली दिसतात, पण जन्मानंतर पहिल्या तासात आईचं दूध मिळालेली बाळं ४२ टक्केच. म्हणजे दोष एकट्या आजीबाईंवर ढकलता येणार नाही. दवाखान्यात पोचूनही निम्म्याहून जास्त बाळांचा पहिला तास वाया जातोय.

बाळंतपणाला आई येणार म्हटलं की सामानात डिंकाचे लाडू, अळीव, बाळंतशेपा येतात. ते खुशाल येऊ देत, खाणारी बाळंतीण आहे. पण सहाण आणि गुटीची पुरचुंडीही येते. पहिले सहा महिने बाळाला आईच्या दुधाखेरीज काही नको, पाणीसुद्धा नको, दोह्याच्या उन्हाळ्यातही नको. आणि मध तर वर्षापर्यंत अजिबात नाही. त्यात बोट्युलिझमच्या जंतूचे बीजाणू असू शकतात, आणि ते आवरण्याइतकी वस्ती बाळाच्या आतड्यात अजून तयार झालेली नसते. माझ्या आईला हे सांगताना मला जड गेलं. तिनं चार मुलांना गुटी देऊन वाढवलं होतं. पण ‘आमच्या पूर्वजांना सगळं ठाऊक होतं’ आणि ‘कंपनी म्हणते ते सगळं शास्त्रीय’ ही दोन्ही वाक्यं मला सारखीच घातक वाटतात.

कंपन्यांचं म्हणाल तर १९८१ साली जागतिक आरोग्य संघटनेनं बाळांच्या दुधाच्या जाहिरातबाजीवर आचारसंहिता आणली आणि भारतानं १९९२ साली त्याचा कायदा केला. तरी आता डब्यांवर ‘आईच्या दुधातल्यासारखं’ असं नव्या शब्दांत लिहून येतं. दोनशेपैकी दोन-चार साखरा घालून ते तसं होत नाही.

हिरकणी आणि पन्नास दिवस

आता मी सुरुवातीला म्हटलेला, पुरुषांसाठीचा भाग.

कतारच्या २००४ च्या १४ क्रमांकाच्या कामगार कायद्यानं खाजगी नोकरीतल्या बाईला, एक वर्ष पूर्ण झालं असेल तर, ५० दिवसांची पगारी बाळंतपणाची रजा दिली. रजा संपल्यावर वर्षभर रोज एक तास बाळाला पाजण्यासाठी दिला, आणि तो कामाच्या वेळातच धरला. भारतात २०१७ च्या दुरुस्तीनंतर रजा २६ आठवडे झाली आहे. सहा महिने फक्त आईचं दूध हवं असं विज्ञान सांगतं. ते होतात १८० दिवस. ५० आणि १८० यांच्यामधली दरी एकटी आई कशी भरून काढणार?

माझ्या मुलीनं प्रयत्न केला. तिच्या ऑफिसात दूध काढायला जागा नव्हती. ती स्टोअररूममध्ये, कागदाच्या खोक्यांवर बसून पंप लावायची. वरिष्ठांना तो एक तास मागायला तिला तीन आठवडे धीर झाला नाही. कायद्यात लिहिलेला हक्क, पण मागताना तिला उपकार मागितल्यासारखं वाटत होतं. बर्फाच्या डब्यात दूध घेऊन ती घरी यायची तेव्हा मला १९९६ आठवायचं. तेव्हा मला वाटलं होतं की मी कमी पडले. आता कळतं की माझ्याभोवतीची माणसं आणि व्यवस्था कमी पडली होती.

आपण लहानपणी रायगडावरच्या हिरकणीची गोष्ट ऐकली. संध्याकाळी गडाचे दरवाजे बंद झाले आणि तान्ह्या बाळासाठी ती कडा उतरून गेली. आपण तिचं कौतुक करतो, तिच्या नावाचा बुरूज दाखवतो. महाराष्ट्रात एसटी स्थानकांवर स्तनपानासाठी हिरकणी कक्षही झाले. पण दर पिढीतल्या बाईनं कडाच उतरायचा का? दरवाजा थोडा वेळ उघडा ठेवता येणार नाही का? या खोलीतले निदान सहा-सात जण इथल्या कंपन्यांमध्ये व्यवस्थापक आहेत. एक खोली, आतून लागणारी कडी, एक खुर्ची, एक छोटा फ्रिज. आणि त्या एका तासाबद्दल तुम्ही आपणहून सांगा, तिला मागायला लावू नका.

आणखी एक गोष्ट, जी बोलायला मला संकोच वाटतो. आपल्यापैकी अनेकांच्या घरी मदतीला बाई आहे. आपल्या नातवंडांना ती सांभाळते म्हणून आपल्या लेकीसुना नोकऱ्या करू शकतात. ती स्वतःचं लहान मूल हजारो मैल दूर ठेवून आलेली असते. मी वर सांगितलेला कायदा घरकामगारांना लागू नाही. माझ्याकडच्या ताईनं एकदा नातवाला खेळवताना सांगितलं की तिनं स्वतःच्या मुलाला चारच महिने पाजलं, मग इकडे आली. मी बावीस वर्षं इथे राहते, आणि हा प्रश्न तिला मी कधी विचारला नव्हता. माझ्याकडे याचं उत्तर नाही. पण बाळाच्या हक्काबद्दल बोलताना ते बाळ मोजणीतून वगळता येत नाही.

प्रश्नोत्तरांतून

*‘ज्यांना पाजता आलं नाही त्यांनी काय करायचं?’* अपराधी वाटून घ्यायचं नाही. मी त्यांच्यातलीच आहे. माझी मुलगी धडधाकट वाढली. सिझेरियननं बदललेली आतड्यातली वस्तीही पहिल्या वर्षात बरीचशी सावरते असं २०१९ च्या इंग्लंडमधल्या मोठ्या अभ्यासात दिसलं. डब्याचं दूध हे विष नाही, गरज असेल तेव्हा ते जीव वाचवतं. फक्त पावडर निर्जंतुक नसते हे लक्षात ठेवा. उकळलेलं पाणी किमान ७० अंश गरम असतानाच पावडर मिसळा, मग थंड करून द्या.

*‘पंपानं काढलेल्या दुधात हे जंतू राहतात का?’* थोडा फरक पडतो. कॅनडात ३९३ माय-लेकरांच्या पाहणीत थेट अंगावर पिणाऱ्यांच्या आणि पंप वापरणाऱ्यांच्या दुधातले जंतू वेगळे दिसले. पण साखरा आणि प्रतिद्रव्यं पंपाच्या दुधातही असतात. ते दूध अमूल्यच आहे. दिवसा पंप आणि सकाळ-रात्र अंगावर, असं जमवा. इथल्या उन्हात मात्र ते गाडीत विसरू नका.

*‘मग सरळ प्रोबायोटिकचे थेंब द्यावेत का?’* ओडिशाच्या खेड्यांत ४,५५६ बाळांवरची चाचणी २०१७ साली प्रसिद्ध झाली. एक विशिष्ट जंतू आणि त्याचं खाद्य सात दिवस दिल्यावर जंतुसंसर्ग आणि मृत्यू मिळून प्रमाण ९ टक्क्यांवरून ५.४ टक्क्यांवर आलं. पण ती बाळं पुरेशा वजनाची होती आणि आईचं दूध पीत होती. उलट अपुऱ्या दिवसांच्या बाळांना अशी उत्पादनं देण्याबद्दल अमेरिकेच्या औषध प्रशासनानं २०२३ साली धोक्याचा इशारा दिला. डॉक्टरांना विचारल्याशिवाय दुकानातून आणून देऊ नका.

*‘दूध पुरतंय हे ओळखायचं कसं?’* हा प्रश्न एका होणाऱ्या बाबांनी विचारला, त्याचा मला विशेष आनंद झाला. पहिले दोन दिवस चमचाभर चीकही पुरतो. पाचव्या दिवसानंतर दिवसाला सहा तरी लंगोट ओले होत असतील आणि वजन वाढत असेल, तर पुरतंय. ‘तुझं पुरत नाहीये’ हे वाक्य घरात कोणी उच्चारायच्या आधी लंगोट मोजा. आणि मोजायचं काम बाबांनी घ्या.